चिमूर हे नागपूरचं उपनगर आहे

आमच्याकडे ‘अप-डाऊन’ हा शब्द मराठीच समजला जातो. ‘पोरगी काय करते?’ ‘उमरेडहून नागपूरला अप-डाऊन करते.’ ‘नवीन मास्तर राहतात कुठं?’ ‘घर वरोऱ्याला, शाळा चिमूरला, अप-डाऊन करतात.’ रेल्वेच्या वेळापत्रकातला हा शब्द, आणि ज्या चिमूरमध्ये तो दिवसातून दहादा ऐकू येतो त्या गावात रेल्वे कधी आलेलीच नाही.

मी चिमूरला अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. बारावीचा निकाल लागला की पुढचा महिनाभर माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन लोक येतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. गाव चिमूरपासून आत, फाट्यावर उतरून चार किलोमीटर, रस्ता जंगलातून. मार्क चांगले होते, नागपुरात फार्मसीला जागा मिळत होती. वडिलांकडे चार एकर, धान आणि सोयाबीन. नागपुरात खोली, डबा आणि फी असा हिशेब त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून आणला होता. फी निघत होती, खोली निघत नव्हती. त्यांनी विचारलं, “रोजचं अप-डाऊन जमते का, सर?”

मी हिशेब केला. चिमूर ते नागपूर शंभरेक किलोमीटर. भिसी, उमरेड करत बस जाते. गावाहून फाटा, फाट्याहून चिमूर, चिमूरहून नागपूर, तिथून कॉलेज. दहाच्या तासाला बसायचं तर पहाटे साडेचारला घर सोडायचं आणि रात्री नऊनंतर फाट्यावर उतरायचं. त्या फाट्यापासून पुढच्या चार किलोमीटरात वाघ फिरतो. ही अफवा नाही. त्या पट्ट्यात माणसं गेली आहेत. मी म्हणालो, “नाही जमत.” मुलीनं गावाजवळच बी.ए.ला नाव घातलं. अजून रस्त्यात भेटली की “नमस्ते सर” म्हणते, आणि मी मान खाली घालून निघून जातो. तिला नकार कॉलेजनं दिला नव्हता, वडिलांनी दिला नव्हता. तो एका वेळापत्रकानं दिला होता, आणि ते तिला वाचून दाखवणारा मी होतो.

हा लेख त्या वेळापत्रकाबद्दल आहे. पण त्यासाठी नागपूरच्या मेट्रोबद्दल बोलावं लागेल.

२०१९ या एका सालात नागपूरच्या रेल्वेच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. ७ मार्चला मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, खापरी ते सीताबर्डी. पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला, पेपरांनी पुरवण्या काढल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी रूळ बदलण्यासाठी बंद झाली. १९०८ पासून, म्हणजे एकशे अकरा वर्षं, ती चालत होती. शेवटच्या फेरीला काही हौशी लोक कॅमेरे घेऊन आले. ज्यांना ती रोज लागायची ते दुसऱ्या दिवशी काळीपिवळीच्या टपावर बसले.

माझं आजोळ नागभीडकडचं, म्हणून ही गाडी मला लहानपणापासून माहीत. अडीच फुटांचे रूळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बाकं, आणि सुमारे ११० किलोमीटरला निम्मा दिवस. तिच्यावर विनोद फार व्हायचे. ‘उतरून लघवी करून पुन्हा चढता येते’ हा त्यातला सर्वांत सभ्य. पण त्या गाडीत कोण बसायचं ते बघा. भिवापूरहून मिरचीची पोती घेऊन इतवारीच्या बाजारात जाणाऱ्या बाया. उमरेडहून रोजंदारीला येणारे गवंडी. कुही, भिवापूरची कॉलेजची पोरं. नागपूरच्या दवाखान्यात तारखेला जाणारे म्हातारे, सोबत फडक्यात बांधलेली भाकर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. पहाटे निघून संध्याकाळी परत येता यायचं. कुठल्याही कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, पण नागपूरची उपनगरी रेल्वे तीच होती. आपल्याकडे एक उपनगरी रेल्वे आहे हे नागपूरला एकशे अकरा वर्षांत कळलं नाही, कारण तिच्यात बसणारी माणसं नागपूरला उपनगरी वाटली नाहीत.

रूळ बदलायलाच हवे होते, याबद्दल वाद नाही. ब्रॉडगेज झालं की गाडी दुप्पट-तिप्पट वेगानं जाईल, नागभीडला गोंदिया-बल्लारशा मार्गाला थेट जोडली जाईल. वाद आहे तो क्रमाचा आणि घाईचा. गाडी बंद झाली त्याला पाच वर्षं उलटली तरी नागपूरहून नागभीडला ब्रॉडगेज गाडी पोचलेली नव्हती. मध्ये करोना आला हे खरं. पण करोना मेट्रोलाही आला होता. मेट्रोचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला पूर्ण झाला, आणि त्याच दिवशी, त्याच समारंभात दुसऱ्या टप्प्याची कोनशिलाही बसली.

आता थोडे आकडे. मेट्रोचा पहिला टप्पा सुमारे ४० किलोमीटरचा, मंजूर खर्च ८,६८० कोटी. म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींहून जास्त. दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा, ६,७०८ कोटींचा. इतवारी-नागभीड मार्गाच्या रुंदीकरणाचा वाढीव खर्च सुमारे १,४०० कोटी. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या दरानं मेट्रोचे साडेसहा किलोमीटर! साडेसहा किलोमीटर मेट्रोच्या पैशात उमरेड, भिवापूर, नागभीड आणि त्यांच्यामागची ब्रह्मपुरी, चिमूर, सिंदेवाही नागपूरला जोडली जातात.

याहून स्वस्त गोष्टही कागदावर होती. २०१८ मध्ये ‘ब्रॉडगेज मेट्रो’चा करार झाला. रेल्वेच्या असलेल्या रुळांवरूनच नागपूरहून वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडपर्यंत मेट्रोसारख्या आधुनिक, जलद गाड्या सोडायच्या. एकूण सुमारे २७० किलोमीटर, आणि खर्च धरला होता ३०५ कोटी. नवे खांब नाहीत, नवी जमीन नाही, फक्त गाड्या घ्यायच्या. मेट्रोच्या दीड किलोमीटरच्या पैशात चार दिशांची खरीखुरी उपनगरी सेवा. करारानंतर सहा वर्षं सरली तरी त्यातली एकही गाडी धावली नाही. आणि त्या चार दिशांतही आमची दिशा नव्हतीच. आमचे रूळ तेव्हा अडीच फुटांचे होते.

मेट्रो वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी तिच्यात बसलो आहे. सीताबर्डीच्या स्टेशनात उभं राहिलं की छाती फुगते. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा जो ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ते काम करणाऱ्या अभियंत्यांना मी सलाम करतो. पण मी बसलो त्या दुपारी डब्यात मोजून अकरा माणसं होती आणि एसी चालू होता. एका दुपारवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. पण रोजची प्रवासीसंख्या प्रकल्प अहवालात धरलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली राहिली, ही काही माझ्या एका दुपारची गोष्ट नाही. मेट्रोनं लोकांना वाढदिवस साजरे करायला डबे भाड्यानं देण्याची योजना काढली, ‘सेलिब्रेशन ऑन व्हील्स’. उत्पन्न वाढवायला धडपड करणं चूक नाही. पण ज्या शहरात केक कापायला धावती गाडी भाड्यानं मिळते आणि त्याच वेळी शंभर किलोमीटरवरच्या मुलीला कॉलेजला जायला गाडी नसते, त्या शहराच्या नियोजनात काहीतरी उलटं झालं आहे.

काय उलटं झालं आहे? ‘उपनगर’ या शब्दाचा अर्थ.

नागपूरच्या नियोजनात उपनगर म्हणजे जिथं प्लॉट पडले आहेत ती जागा. मेट्रोचा दुसरा टप्पा कुठं जातो ते बघा: कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीचं ट्रान्सपोर्ट नगर. उत्तर, दक्षिण, पश्चिम, पूर्व असा अधिकचा आकडा पूर्ण होतो. फक्त आग्नेय दिशा सुटते, उमरेड रोडची, दिघोरी नाक्याची. गडचिरोली, ब्रह्मपुरी, चिमूर, नागभीड, पवनी या सगळ्यांचं नागपूर दिघोरी नाक्याला सुरू होतं. इतवारी रेल्वे स्टेशनच्या नावाचं मेट्रो स्टेशनसुद्धा नाही. पूर्व विदर्भाचा गरीब माणूस नागपुरात ज्या एका जागेसाठी सर्वांत जास्त येतो ते ‘मेडिकल’. त्याच्या दारातूनही मेट्रो जात नाही. मेट्रो कुणाच्या येण्याजाण्याचा विचार करून आखली हे नकाशाच सांगतो, मला वेगळा आरोप करायची गरज नाही.

याउलट मुंबई बघा. मुंबईला शिव्या द्यायची आम्हा विदर्भवाल्यांना सवय आहे, पण या एका बाबतीत तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला गेली तेव्हा ठाणे हे मुंबईचं उपनगर नव्हतं. ते स्वतंत्र गाव होतं, जिल्ह्याचं ठिकाण होतं. गाडी आधी गेली, उपनगर मागून झालं. आज लोकल कसाऱ्यापर्यंत जाते, ते सीएसएमटीपासून १२० किलोमीटर. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत गेली, ते चर्चगेटपासून सव्वाशेच्या घरात. डहाणू हा आदिवासी तालुका आहे, जंगल आहे, वारली पाडे आहेत. तरी रेल्वेच्या लेखी तो मुंबईचा उपनगरी भाग आहे. त्याला मासिक पास मिळतो, वेळापत्रक मिळतं. लोकलच्या गर्दीत माणसं मरतात, तिथलं जगणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. पण डहाणूच्या मुलीला ‘रोजचं जाणं-येणं जमतं का’ या प्रश्नाला निदान ‘हो, हाल होतील’ एवढं उत्तर आहे.

चिमूर नागपूरपासून शंभर किलोमीटर. डहाणू मुंबईपासून त्याहून लांब. डहाणू उपनगर आणि चिमूर ‘दुर्गम’. म्हणजे दुर्गमता ही किलोमीटरात मोजायची गोष्ट नाही. सरकारनं गाडी सोडली की गाव जवळ येतं, नाही सोडली की ते दुर्गम होतं. आणि एकदा ते दुर्गम ठरलं की दुर्गम असल्यामुळे गाडी परवडत नाही असं सांगता येतं.

आता एक गोष्ट नागपूरच्या मित्रांसाठी. १९५३च्या नागपूर करारापासून आपण मुंबईशी भांडतो आहोत. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष मोजून दिला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. आपलं म्हणणं काय होतं? पैसा मुंबई-पुण्यात खर्च होतो. लोकसंख्या, मागणी, परतावा ही कारणं सांगितली जातात. आणि आधी गुंतवणूक न केल्यामुळेच मागणी तयार होत नाही हे कुणी लक्षात घेत नाही. अगदी बरोबर. तेच वाक्य आता चिमूरच्या तोंडात घालून वाचा. मुंबईनं नागपूरशी जे केलं ते नागपूर आमच्याशी करत आहे, आणि वर ‘विदर्भाची मेट्रो’ म्हणून आमच्याकडून टाळ्याही मागत आहे. हिवाळी अधिवेशनाला आमच्याकडून माणसं नागपूरला मोर्चा घेऊन जातात. ती तिथं कशी पोचतात, हा प्रश्न त्या अधिवेशनात कधी गाजला नाही.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही मी गंभीरपणे घेतो.

पहिला: चिमूरला दाट वस्ती नाही, गाडी रिकामी जाईल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी मेट्रोच्या डब्यात एकदा दुपारी बसून यावं, पण तो टोमणा सोडून देऊ. खरं उत्तर एसटीनं दिलं आहे. १७ मार्च २०२३पासून बायांना एसटीत निम्मं तिकीट झालं. त्याच्या आठवडाभर आधी कुणी सर्वेक्षण केलं असतं तर ‘ग्रामीण महिलांची प्रवासाची मागणी मर्यादित’ असंच निघालं असतं. सवलत आली आणि आमच्या बसगाड्या बायांनी भरल्या. बाजाराला, बँकेत, माहेरी, दवाखान्यात. ही मागणी आकाशातून पडली नाही. ती घरात बसून होती. मागणी नसणं आणि मागणी दिसत नसणं यात फरक असतो. आणि मी चिमूरला मेट्रो मागत नाही. मेट्रोला दाटी लागते हे मला कळतं. मी मागतो आहे ती साधी गाडी.

दुसरा आक्षेप: पैशांची खाती वेगळी. मेट्रो ही शहर विकासाची, रेल्वे केंद्राची, एसटी महामंडळाची. एकाचं दुसऱ्यात कसं घालणार? मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात केंद्राचे २० टक्के, राज्याचे २० टक्के, महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यासचे प्रत्येकी ५ टक्के, उरलेलं कर्ज. त्यात जर्मनीच्या केएफडब्ल्यूचा आणि फ्रान्सच्या एएफडीचा पैसा. नागभीड मार्गातही केंद्र आणि राज्य भागीदारच आहेत. म्हणजे खिसे तेच. त्या खिशात आमच्या सोयाबीनच्या बियाण्यावरचा, खतावरचा, मोबाइलच्या रिचार्जवरचा कर आहे. एका कामासाठी जर्मनीपर्यंत कर्ज मागायला जाता येतं आणि दुसऱ्या कामाला ‘खातं वेगळं’ म्हणून हात वर होतात, तेव्हा अडचण खात्यांची नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो माझ्या मनातलाच आहे: जंगल. नागभीडचा मार्ग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या पट्ट्यातून जातो. ताडोब्याचे वाघ याच वाटेनं उत्तरेकडे सरकतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोंदिया-बल्लारशा मार्गावर चंद्रपूरजवळ वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. ते फोटो ज्यांनी पाहिले त्यांना ‘विकास’ हा शब्द काही दिवस तरी उच्चारवला नसेल. म्हणून मी घाईनं कसेही रूळ टाका असं म्हणणार नाही. पण जंगलाचं कारण देऊन काम रेंगाळत ठेवणं हा जंगलाचा बचाव नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला, आणि वाघ त्या खालून जातात हे कॅमेऱ्यांनी टिपलं. तिथं न्यायालयानं, वन्यजीव तज्ज्ञांनी जोर लावला आणि पैसा निघाला. शहरात दुमजली पूल बांधता येतो. मग जंगलात प्राण्यांसाठी रूळ उचलायचा म्हटलं की तो एकदम अवाढव्य खर्च का होतो? जंगलातून गाडी हळू न्या, रात्रीच्या फेऱ्या कमी ठेवा. आमच्या लोकांना वीस मिनिटं उशीर चालेल. त्यांना निम्म्या दिवसाच्या गाडीची सवय आहे.

आणि इथं मला माझ्याच गावाविरुद्ध एक गोष्ट बोलायची आहे. कांपा-चिमूर-वरोरा असा नवा रेल्वेमार्ग व्हावा ही चिमूरची जुनी मागणी. प्रत्येक निवडणुकीत ती निघते, क्रांतिदिनाच्या सभेत निघते. तो रूळ झाला तर मला आनंद होणार नाही असं नाही. पण तो ताडोब्याच्या डोक्यावरून, वाघांच्या वाटा कापत जाईल, आणि मग पुढची वीस वर्षं परवानग्यांत जातील. ‘चिमूरला रेल्वे’ या मोठ्या स्वप्नाच्या नादात आम्ही ‘चिमूरच्या माणसाला रेल्वे’ ही छोटी गोष्ट मागायची विसरलो. हे गावात बोललं की लोक चिडतात. “सर, तुम्ही कोणाकडून आहात?” मी त्या बारावीच्या मुलीकडून आहे. तिला गावात स्टेशन नको होतं. तिला दहाला पोचवणारी आणि अंधाराच्या आत परत आणणारी गाडी हवी होती.

गाडी आमच्याकडे येऊच शकत नाही, असंही नाही. ज्यासाठी यायची त्यासाठी ती फार लवकर आली. १८७०च्या दशकातच वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रूळ आले होते. कोळशासाठी. वरोरा चिमूरपासून पन्नासेक किलोमीटर. आज चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, राज्याच्या मालकीचं सर्वांत मोठं. कोळशाच्या वाघिणी खाणीच्या तोंडापर्यंत जातात, कुणी त्यांना प्रवासीसंख्या विचारत नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात प्रवाशांसाठी एकच स्टेशन आहे, वडसा. वडसा-गडचिरोली हा अवघ्या ५२ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन दशक उलटलं तरी गाडीची वाटच बघायची होती. आता सुरजागडच्या लोहखनिजाला भाव आल्यावर गडचिरोलीच्या पुढच्या रुळांच्या सर्वेक्षणांच्या बातम्या यायला लागल्या. त्या जिल्ह्यातल्या बाया दर हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जातात, भरलेल्या गाड्यांमध्ये, उभ्यानं. त्यांच्यासाठी कुणी सर्वेक्षण केल्याची बातमी मी वाचली नाही. आमचं ओझं गाडीनं जातं आणि माणसं टपावरून.

मग मागायचं काय? माझी यादी लहान आहे.

एक, मोजा. नागपूरचं येणंजाणं मोजताना महापालिकेच्या हद्दीत थांबू नका. पहाटे पाच ते दहा दिघोरी नाक्यावर उभे राहा, गणेशपेठच्या बसस्थानकात उभे राहा, कोण कुठून आलं आणि कशासाठी आलं ते विचारा. मेट्रोचा पुढचा प्रत्येक किलोमीटर त्या आकड्यांपुढे ठेवून मंजूर करा. लोकांना नको असेल तर आम्ही गप्प बसू.

दोन, नागभीडचा मार्ग जंगलाची काळजी घेऊन पूर्ण करा, आणि पूर्ण झाल्यावर त्याची उपनगरी सेवा करा. ही भीती मला सर्वांत जास्त आहे: रूळ रुंद होतील, त्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धडधडत जातील, आणि लहान स्टेशनांवर कुणी थांबणारच नाही. नॅरोगेज हळू होती, पण ती थांबायची. सकाळी नऊच्या आत नागपूर आणि संध्याकाळी सहानंतर परत, प्रत्येक स्टेशनावर थांबा, आणि विद्यार्थ्यांना परवडेल असा मासिक पास. जे डहाणूला मिळतं तेवढंच.

तीन, त्या गाडीच्या वेळेला चिमूर, भिसी, शंकरपूरहून एसटी जोडा. आपल्याकडे गाडी आणि बस यांची वेळ जुळणं हा योगायोग समजला जातो. ते कुणाचं तरी काम असायला हवं. मुलींना शाळेत पोचवायला मानव विकासच्या निळ्या बसगाड्या सुरू झाल्या तेव्हा किती मुली आठवीनंतर शाळेत टिकल्या हे आम्ही शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती बस बारावीला येऊन थांबते. तिला स्टेशनापर्यंत न्या. आणि नागपुरात उतरल्यावर त्याच तिकिटावर मेट्रोत बसू द्या. मेट्रोचे रिकामे डबे आपोआप भरतील. मेट्रोचा सर्वांत मोठा मित्र चिमूरची बस आहे, हे मेट्रोवाल्यांनी ओळखलं तर त्यांचाही फायदा आहे.

चिमूरचं नाव पुस्तकांत १६ ऑगस्ट १९४२मुळे येतं. नागपंचमीच्या दिवशी गाव उठलं, गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले, मग लष्कर आलं आणि बायांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपास केला. दरवर्षी त्या तारखेला मोठी माणसं येतात, हार घालतात, ‘क्रांतिभूमी’ म्हणतात आणि दुपारपर्यंत परत जातात. त्यांचं अप-डाऊन होतं. मी दरवर्षी सभेच्या मागच्या रांगेत उभा राहून भाषण ऐकतो. माझ्या बाजूला वर्गातली मुलं-मुली उभी असतात, पांढऱ्या गणवेशात, हातात झेंडे. त्यातल्या काहींनी गेल्याच जूनमध्ये मला तो प्रश्न विचारलेला असतो.

यंदाही निकाल लागेल. यंदाही कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून आणेल. मला फक्त एवढंच हवं आहे की ‘जमते का, सर?’ या प्रश्नाला एकदा तरी खोटं न बोलता ‘जमते’ म्हणता यावं.